रिपोर्ट निगेटिव्ह होता, काम मात्र अर्धंच झालं होतं

(या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाहीत. ट्रेनमध्ये हेडफोन नसतील तर वाचा. विषय स्पीकरवर लावण्यासारखा नाही, मला कल्पना आहे.)

आजची गोष्ट एका फोनकॉलपासून सुरू होते. कॉल माझ्यासाठी होता, उचलला बाबांनी.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. मी पुण्यात ऑफिसात, बाबा कराडला घरी. संध्याकाळी त्यांचा फोन. "अरे, दुपारी पुण्याहून एका बाईंचा फोन होता. तुझं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं, तो इथे नसतो, मी वडील बोलतोय, काय काम होतं? तर म्हणाल्या, विशेष काही नाही, सवडीने फोन करायला सांगा. नाव विचारलं तर म्हणाल्या, ते ओळखतील." मग जरा थांबून, "कोण आहे रे ती?" आणि मागून आईचा आवाज, "कुठल्या गावची आहे ते विचारा."

पहिले दोन-तीन सेकंद मी खरंच ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि पोटात गोळा आला.

त्या बाई म्हणजे एका सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमधल्या समुपदेशक. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. नाव जड आहे, काम सोपं आहे: एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि तपासणीच्या आधी आणि नंतर कुणीतरी माणूस तुमच्याशी नीट बोलतो. मी तिथे जानेवारीत गेलो होतो. न्यू इयरच्या सुमारास एका व्यक्तीशी संबंध आला, कंडोम फाटला. ती व्यक्ती कोण, हे या एपिसोडच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की मी गेलो नवव्या दिवशी. पहिल्या ७२ तासांत गेलो असतो तर पेप म्हणतात त्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या. २८ दिवसांचा कोर्स असतो, एचआयव्ही शरीरात मूळ धरू नये म्हणून, आणि जितका लवकर सुरू कराल तितका उपयोग जास्त. मी ते ७२ तास इनकॉग्निटो विंडो उघडून लक्षणं वाचण्यात घालवले. तुम्ही असं करू नका.

तर, रक्त दिलं, बाकावर बसलो, रिपोर्ट आला. निगेटिव्ह. त्याच रक्तातून सिफिलिसचीही तपासणी झाली, तीही नॉन-रिॲक्टिव्ह. मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "आजचा रिपोर्ट चांगला आहे. पण नऊ दिवसांत रक्त फारसं बोलत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत या." कार्डावर तारीख लिहिली. लाल पेनने. खाली रेघ मारली.

मी मान डोलावली. बाहेर आलो, जगातली सगळ्यात चांगली मिसळ खाल्ली, कार्ड बॅगेच्या चेनमध्ये टाकलं आणि तीन महिने त्या चेनला हात लावला नाही.

बरं, नंबरचं काय झालं? रजिस्टरमध्ये लिहून घेताना मी माझा जुना नंबर दिला होता. मुद्दाम. नवा नंबर ऑफिसचा, बँकेचा, सगळ्यांचा, म्हणून 'असल्या' ठिकाणी जुना द्यावा असं डोकं चालवलं. फेब्रुवारीत ते सिम मी बाबांना देऊन टाकलं, कारण त्यांचं नेटवर्क घरात येत नव्हतं. ही सगळी हुशारी माझी.

रक्त उशिरा का बोलतं

आता जरा विज्ञान. कंटाळा नका करू, फार नाही.

समजा घरात चोर शिरला. तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन चोर शोधत नाही, तिथे फक्त तक्रारींची वही बघता. चोरी होऊन गेली तरी घरमालकाने तक्रार लिहीपर्यंत वही कोरीच दिसणार. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करतात ती साधी एचआयव्ही टेस्ट अशीच असते. ती विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, शोधते. त्या तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांच्या काही आठवड्यांत तयार होतात, पण खात्रीने 'नाही' म्हणायचं तर ९० दिवस धरतात. याला विंडो पिरियड म्हणतात. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन करतात त्या चौथ्या पिढीच्या टेस्टमध्ये विषाणूचा एक तुकडाही शोधतात, पी२४ नावाचा, म्हणून तिथे साधारण ४५ दिवसांत चित्र स्पष्ट होतं. तुमची कुठली टेस्ट झाली हे विचारून घ्या. विचारायला लाजायचं काही नाही, मोबाइल घेताना रॅम विचारतोच की आपण.

आणि एक गोष्ट, जी माझ्या ओळखीतले निम्मे लोक चुकीची धरतात: हे ९० दिवस टेस्टच्या तारखेपासून मोजायचे नसतात. जोखीम शेवटची जेव्हा घडली त्या दिवसापासून मोजायचे. मधे पुन्हा जोखीम झाली, तर मीटर पुन्हा शून्यावर.

सिफिलिसचं थोडं वेगळं. आपल्या आजोबांच्या पिढीत याला गरमी म्हणायचे, पुस्तकी मराठीत उपदंश. जंतू शिरल्यापासून पहिली जखम दिसेपर्यंत १० ते ९० दिवस, कितीही लागू शकतात. ही जखम बहुतेक वेळा दुखत नाही. नको तिथे, न दिसेल अशा ठिकाणी होते आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरूनही येते. इथेच घात होतो. जखम गेली म्हणजे आजार गेला असं माणूस समजतो. जंतू मात्र रक्तात मजेत असतो. पुढे अंगावर पुरळ येतं, खास करून तळहात-तळपायांवर, न खाजणारं. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि उपचार झालेच नाहीत तर काहींमध्ये पुढे हृदय, मेंदू, डोळे यांवर जाऊ शकतं.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया (म्हणजे आपला जुना 'परमा') यांच्यात परत बोलावण्याचं कारण तिसरंच. तिथे औषधाने बहुतेक लोक बरे होतात. पण बरे झालेले पुष्कळजण तीन महिन्यांच्या आत पुन्हा बाधित सापडतात, कारण जोडीदाराने औषध घेतलेलंच नसतं. म्हणून उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा असं सांगतात. आणि घाई करूनही चालत नाही. पीसीआरसारखी टेस्ट उपचारानंतर पंधरा दिवसांत केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही ती 'पॉझिटिव्ह' म्हणून दाखवू शकते. उगाच घाबरगुंडी.

सरकारी ठिकाणी या दोन्हींसाठी अनेकदा लॅब टेस्टची वाट न बघता लक्षणांवरून औषधाचं पाकीट देतात. सुरक्षा क्लिनिक असा बोर्ड असतो, किंवा नुसतंच 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. पाकिटांना रंग असतात: लघवीच्या जागेतून स्राव असेल तर राखाडी, जखम असेल तर पांढरं, हर्पिससाठी लाल, असे एकूण सात. मला ही पद्धत फार आवडते. गोळ्यांची नावं वाचता न येणाऱ्यालाही 'राखाडी पाकीट घेतलंय' हे सांगता येतं. पण पाकिटावर परतीची तारीख छापलेली नसते. ती माणसानेच सांगायची आणि माणसानेच लक्षात ठेवायची.

मी परत गेलो तेव्हा

बाबांना मी काय सांगितलं? "बँकेच्या कार्डवाल्या असतील." आईचा विश्वास बसला नाही, असं मला आजही वाटतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो. एचआयव्ही निगेटिव्ह, आता खऱ्या अर्थाने. मी उठायला लागलो, तर मॅडम म्हणाल्या, "बसा जरा." सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्ट रिॲक्टिव्ह होती. १:३२. खात्रीसाठीची दुसरी टेस्ट, टीपीएचए, तीही पॉझिटिव्ह.

मधल्या काळात माझा कुणाशीही संबंध आलेला नव्हता. म्हणजे जानेवारीचंच. आणि मग आठवलं. मार्चमध्ये तळहातांवर लालसर ठिपके आले होते. न खाजणारे. मी उन्हाळा म्हणून सोडून दिले होते, वर मेडिकलमधून कसलंतरी क्रीम आणून चोळलं होतं.

उपचार म्हणाल तर हास्यास्पद सोपा. बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, एकदाच. आधी ॲलर्जी आहे का ते बघतात, मग दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. दुखतं. खोटं बोलणार नाही, दोन दिवस मी खुर्चीत एका बाजूला कलून बसत होतो, आणि त्या रात्री तापही आला. जंतू एकदम मरतात तेव्हा असा ताप येऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. पण विचार करा. एका इंजेक्शनने संपणारी गोष्ट, आणि तो फोन आला नसता तर मी ती किती वर्षं अंगावर वागवली असती?

त्या व्यक्तीलाही सांगावं लागलं. दोन ओळींचा मेसेज टाइप करायला मला पाऊण तास लागला. शेवटी फोनच केला. समोरून बराच वेळ काही आवाज नाही, मग "बरं झालं सांगितलंस." दोन दिवसांनी 'मीही इंजेक्शन घेतलं' असा मेसेज आला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ठीक आहे.

इथे अनेकांना वाटेल की गोष्ट संपली. नाही. सिफिलिसमध्ये इंजेक्शननंतरच खरी ये-जा सुरू होते. १:३२ म्हणजे रक्त बत्तीस पट पातळ करूनही टेस्ट रिॲक्टिव्ह येते. बरं होताना हा आकडा खाली यायला हवा: ३२, १६, ८, ४. निदान दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, उतरला तर उपचार लागू पडला असं धरतात. एक पायरी इकडे तिकडे ही टेस्टची नेहमीची चूकभूल. म्हणून मला तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बोलावलं. तीन महिन्यांनी १:१६ आला तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो, कारण मला हे पायऱ्यांचं गणित माहीतच नव्हतं. सहा महिन्यांनी १:८. तिथे श्वास सोडला.

जाता जाता: व्हीडीआरएल हे आजाराचं नाव नाही. अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत ती टेस्ट तयार झाली, तिच्या नावाची ती आद्याक्षरं आहेत. आणि टीपीएचए बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, बरं झाल्यावरही. उद्या रक्तदानाला किंवा परदेशी नोकरीच्या मेडिकलला ती पॉझिटिव्ह दिसली, तर तुमच्याकडे हे उतरत गेलेले आकडे कागदावर हवेत. माझ्या मते परत जाण्याचं हेही एक रोकडं कारण आहे.

फोनच्या पलीकडची बाजू

या एपिसोडसाठी मी त्याच मॅडमना भेटलो. आता ताई म्हणतो. नाव आणि हॉस्पिटल सांगायचं नाही या अटीवर त्या बोलल्या, आणि जवळजवळ सगळा वेळ फोन कसा करायचा याबद्दलच बोलल्या.

"लोक घाबरून येत नाहीत, असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "घाबरलेला माणूस येतो हो. निगेटिव्ह आलेला येत नाही. त्याच्यासाठी विषय संपलेला असतो." मग नंबरांचा पाढा वाचला. कुणी शेवटचा आकडा मुद्दाम चुकवतो. कुणाचं रिचार्ज संपून सिम बंद. कुणी काम संपवून गावी गेलेला असतो. एकाच फोनवर नवरा, बायको, सासू, तिघांचा कारभार. अशा घरात कुणाला फोन लावणं म्हणजे त्यांच्या शब्दांत "पेटती काडी घेऊन गोठ्यात शिरणं".

त्यांचा पहिला नियम: फोन उचलला की आधी ऐकायचं. हॅलो कुणाचं आहे ते कळेपर्यंत काहीही बोलायचं नाही. दुसरा माणूस असेल तर हॉस्पिटल, रिपोर्ट, तपासणी यातला एकही शब्द नाही. माझ्या बाबांशी त्या जे बोलल्या, तेवढंच. हे काही निव्वळ सौजन्य नाही, कायदा आहे. २०१७चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची माहिती दुसऱ्याला सांगायला त्यात मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, पण 'वडील आहेत म्हणून' हा त्यातला नाही.

पण कायदा करणाऱ्यांनी कॉलर आयडीच्या ॲपचा विचार केला नसावा. ताई कधीकधी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायच्या. कुणीतरी त्यांचा नंबर 'एचआयव्ही मॅडम' म्हणून सेव्ह केला, आणि मग त्या ज्याला फोन करतील त्याच्या स्क्रीनवर तेच नाव झळकायला लागलं. तोंडातून एक शब्द न काढता सगळं सांगून झालेलं! त्यांना ते कळलं ते एका मुलाने चिडून उलट फोन केला तेव्हा. त्या दिवसापासून त्या केंद्राच्या लँडलाइनवरूनच फोन करतात.

मेसेजचंही तसंच. 'आपली एचआयव्ही फेरतपासणी बाकी आहे' असा मेसेज लॉक स्क्रीनवर उमटला की संपलंच. पण फार गुळमुळीतही चालत नाही. 'महत्त्वाचे काम आहे, संपर्क करा' असं वाचून आपण काय करतो? लोनवाले किंवा फ्रॉड म्हणून ब्लॉक. म्हणजे ज्याला कळायचं त्यालाच कळावं आणि बाकी कुणाला काही वाटू नये, असं वाक्य हवं. मला वाटतं, असं वाक्य केंद्रात बसून लिहिता येत नाही. ते पेशंटला विचारूनच लिहावं लागतं.

म्हणून ताई आता नाव नोंदवतानाच विचारतात. हा नंबर तुमच्या एकट्याचा आहे का? सकाळी फोन करू की संध्याकाळी? मेसेज चालेल का? दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात, म्हणे, आणि तिथून पुढे मोकळे बोलतात.

मेसेज खरंच काम करतो का

करतो, पण किती, याची उत्तरं मजेशीर आहेत.

सिडनीतल्या एका लैंगिक आरोग्य केंद्राने पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना पुन्हा तपासणीची आठवण एसएमएसने द्यायला सुरुवात केली. २०११मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले: मेसेज मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नऊ महिन्यांच्या आत परत आले, न मिळालेल्यांपैकी ३० टक्के. दुपटीहून जास्त. एका साध्या एसएमएसवर!

मग ऑस्ट्रेलियातच आणखी एक प्रयोग झाला, २०१५मध्ये छापून आलेला. क्लॅमिडियाचे उपचार झालेल्या सगळ्यांनाच मेसेज पाठवला, पण निम्म्यांना सोबत घरीच नमुना घेऊन पोस्टाने पाठवायचं किट दिलं. नुसता मेसेज मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुन्हा तपासणी केली, किट मिळालेल्यांपैकी ६१ टक्क्यांनी. म्हणजे आठवण झाली तरी मधे रांग, केसपेपर, अर्ध्या दिवसाची रजा आणि 'कुणी ओळखीचं दिसलं तर' हे उरतंच. आपल्याकडच्या ओपीडीची वेळ बघितली, तर नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी यायचं तरी कधी, हा प्रश्न मी ताईंना विचारला. त्या नुसत्या हसल्या.

तिसरं उदाहरण तपासणीचं नाही, रोजच्या एचआयव्ही औषधांचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. केनियात पेशंटना आठवड्यातून एकदा एकाच शब्दाचा मेसेज जायचा: 'मांबो?' स्वाहिलीत म्हणजे 'काय म्हणतोस?' ठीक असेल तर उत्तर 'सावा', अडचण असेल तर 'शिडा'. शिडा आलं किंवा दोन दिवसांत काहीच आलं नाही, की नर्स फोन करायची. २०१०मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: मेसेज जाणाऱ्या गटात ६२ टक्के लोक औषधं नीट घेत होते, दुसऱ्या गटात ५०. मेसेजमध्ये औषध नाही, आजार नाही, हॉस्पिटल नाही. कुणीही वाचला तरी मित्राचाच वाटेल.

आणि आपल्याकडे? दक्षिण भारतात ६३१ पेशंटवर असाच एक मोठा प्रयोग झाला, २०१४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आठवड्याला ऑटोमॅटिक व्हॉइस कॉल आणि एक चित्राचा मेसेज. फरक पडला नाही. यावरून 'भारतात मेसेज चालत नाहीत' असं म्हणणं घाईचं होईल. मी काही संशोधक नाही, पण ताईंचं रजिस्टर बघितल्यावर माझा कल असा आहे: पलीकडे कुणीतरी आपल्या उत्तराची वाट बघतंय असं वाटलं, तर माणूस उत्तर देतो. मशीनचा आवाज आपण रोज चार वेळा कट करतो.

तसंही महाराष्ट्रात हे काम मोबाइलच्या कितीतरी आधीपासून माणसांनी केलंय. सांगलीत १९९२मध्ये संग्राम संस्थेचं काम सुरू झालं, आणि त्यातूनच पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. तिथे धंद्यातल्या बायकाच एकमेकींना कंडोम पोचवायच्या आणि दवाखान्यात सोबत जायच्या. आठवण करून द्यायला शेजारणीच्या दारावर थाप पुरायची, आणि ती थाप का पडली हे बाहेरच्या कुणाला कळत नसे.

तुमची तारीख तुमच्याकडे

केंद्राच्या फोनची वाट बघण्यापेक्षा स्वतःच अलार्म लावा, मी आता लावतो. टेस्ट करून बाहेर पडताना, मिसळीच्या आधी. जोखमीच्या तारखेपासून मोजून कॅलेंडरमध्ये टाकायचं, नाव असं द्यायचं की फोन हातात आलेल्या मित्राने वाचलं तरी चालेल. आणि एक नाही, दोन आठवणी: एक आठ दिवस आधी, कारण ऑफिसात सुट्टी टाकायला वेळ लागतो. कॅलेंडर घरच्यांशी शेअर केलेलं नाही ना, तेही बघा. एका श्रोत्याचं सगळ्या कुटुंबाचं एकच अकाउंट निघालं होतं, त्याने मला हा मुद्दा घालायला सांगितलाय.

नंबर खरा द्या. तो देणं जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, तेही चालतं. समुपदेशकाला खोटा नंबर देण्यापेक्षा 'फोन करू नका, मीच येतो' म्हणणं बरं. सिम बदललं तर कळवा. कुठे जायचं हेच माहीत नसेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत. नाव सांगावं लागत नाही.

ज्यांना जोखीम वारंवार असते, एकाहून जास्त जोडीदार असतात, त्यांनी 'काही झालं तर जाऊ' असं न ठेवता तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करत राहावी. ताई म्हणतात तसं, गाडीच्या सर्व्हिसिंगला कुणी लाजत नाही. मला ही उपमा फार पटत नाही, गाडीला आईबाप नसतात. पण त्या म्हणतात.

माझी बारा महिन्यांची तारीख या मेमध्ये होती. तो शेवटचा प्रश्न, 'मी कोण म्हणून सांगू?', ताईंनी मलाही विचारला होता, आणि मी म्हटलं होतं, "चष्म्याचं दुकान." त्या आठवड्यात मी कराडला होतो. फोन ओट्यावर चार्जिंगला, मी अंघोळीला. बाहेर आलो तर आई स्क्रीनकडे बघत उभी. मेसेज आला होता: 'आपला चष्मा तयार आहे. मंगळवारी ११ ते १ या वेळेत घेऊन जावा.'

"तुला चष्मा कधी लागला?"

"झाले सहा महिने. मोबाइलमुळे."

"तरी मी सांगत होते," आई म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली.

मंगळवारी गेलो. १:२. आता घरी दाखवायला एक चष्मा घ्यावा लागणार आहे, नंबर नसलेला. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.